ताटावर पहारा, अंथरुणास अभय

आमच्या सुशिक्षित घरांतून एखाद्या मुलास दम्याचा विकार आहे असें ठरलें, कीं त्याच दिवशीं त्या मुलाच्या ताटावर पहारा बसतो. दहीं बंद होतें, केळें बंद होतें, पेरू आणि चिंच यांचें नांव काढण्याची सोय राहत नाहीं. लग्नकार्यांत इतर मुलें आइस्क्रीम खात असतां हें मूल कोपऱ्यांत कोमट पाण्याचा पेला धरून बसतें. आत्या, मावशी, शेजारीण आणि कोपऱ्यावरचा दुकानदार हे सर्व या पहाऱ्याच्या पाळ्या आपण होऊन वांटून घेतात. परंतु रात्र पडली, कीं हाच पहारा दिवा मालवून निघून जातो. मूल ज्या गादीवर आठ-नऊ तास निजतें, जी उशी उराशीं धरतें, जें ब्लँकेट नाकावर ओढून घेतें, त्यांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाहीं. पहाटे छातींतून शिटी वाजूं लागली म्हणजे सर्व घर जागें होतें, आणि पहिला प्रश्न निघतो तो हा: ‘काल याला खायला काय दिलें होतेंस?’ हा प्रश्न नेहमीं एकवचनी असतो आणि तो नेहमीं आईलाच विचारलेला असतो. आमचें आजचें भांडण या प्रश्नाशीं आहे.

प्रारंभींच एक खुलासा केलेला बरा. अन्नाचें वावडें ही थाप आहे असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. शेंगदाणा, अंडें, मासळी, दूध यांचें खरेंखुरें वावडें असलेलीं मुलें असतात, आणि त्यांच्या बाबतींतली हयगय जिवावर बेतूं शकते. परंतु तें वावडें बहुधा खाल्ल्यावर थोड्याच वेळांत अंगावर गांधी उठणें, ओठ सुजणें, उलटी होणें अशा उघड खुणांनीं प्रकट होतें. दुपारीं खाल्लेल्या केळ्यानें दुसऱ्या दिवशीं पहाटे नुसता दम लागावा, आणि तेंही आठवड्यामागून आठवडे, हा न्याय वैद्यकाचा नव्हे. तथापि केळें सांपडतें आणि गादी सुटते. याचें कारण उघड आहे. केळें डोळ्यांस दिसतें. शिवाय केळें बंद करण्यास खर्च नाहीं, श्रम नाहींत, आणि घरांतील कर्त्या माणसांच्या सुखांत त्यामुळें तिळभरही उणें येत नाहीं.

गादीवर आमचा आरोप काय, तो आतां सांगतों. घरांतील धुळीनें दमा उसळतो हें वैद्यांस १९२० नंतरच्या दशकांतच कळून आलें होतें. पण त्या धुळींत नेमकें काय आहे, याचा उलगडा १९६४ च्या सुमारास हॉलंडांतील लायडन येथें व्होरहोर्स्ट, स्पीक्समा आणि त्यांचे सहकारी यांनीं केला. धुळींत राहणारा एक आठ पायांचा सूक्ष्म जीव हा या सर्व उपद्रवाचा धनी आहे असें त्यांनीं दाखवून दिलें. इंग्रजींत त्यास माइट म्हणतात. कोळी आणि गोचीड यांच्या गोत्रांतला हा प्राणी. लांबी मिलिमीटरच्या सुमारें एक-तृतीयांश, म्हणजे नुसत्या डोळ्यांस न दिसण्याइतकी. तो चावत नाहीं, रक्त पीत नाहीं. माणसाच्या अंगावरून रोज झडणारा कातडीचा कोंडा हें त्याचें अन्न, आणि लागणारें पाणी तो भोंवतालच्या दमट हवेंतून अंगांत शोषून घेतो. म्हणजे त्याच्या संसारास तीनच गोष्टी लागतात: कोंडा, ऊब आणि ओलावा. निजलेलें मूल या तिन्ही गोष्टी आपल्या गादीस रात्रभर पुरवीत असतें. मुंबई, कोंकण आणि गोमंतक येथील दमट हवा तर या वस्तीस विशेषच मानवते.

हा जीव दिवसाकाठीं सुमारें वीस लेंड्या टाकतो; आणि दमेकरी मुलाचें वैर मुख्यतः त्या लेंड्यांशीं असतें. अन्न पचविण्याच्या कामीं येणारें एक प्रथिन त्यांत असतें; १९८० मध्यें शास्त्रज्ञांनीं तें शुद्ध रूपांत वेगळें काढलें. ज्या मुलाच्या शरीरानें या प्रथिनास शत्रू मानलें आहे, त्याच्या श्वासनलिका त्याच्या स्पर्शानें सुजतात, आवळतात आणि चिकट कफानें भरून येतात. गादीवर उड्या मारल्या, उशी झटकली, कीं हे कण हवेंत उडतात आणि कांहीं वेळानें पुन्हां खालीं बसतात. ज्याचें नाक उशीपासून चार बोटांवर आहे त्यास ते विनासायास मिळतात. पहाटेच्या प्रहरीं दमेकऱ्याच्या श्वासनलिका स्वभावतःच अधिक अरुंद होतात. त्यांत रात्रभराच्या या पुरवठ्याची भर पडते. बिचाऱ्या केळ्याचा यांत कोठें संबंध आला?

पुराव्यावांचून आरोप करूं नये, हें आम्ही जाणतों. पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेकडील डोंगराळ मुलखांत पूर्वीं दमा फारच विरळ असे. तेथील खेड्यांत ब्लँकेटें पोंचलीं, आणि पुढें कांहीं वर्षांत दमा वाढत चालला. १९८५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत तेथील सुमारें सात टक्के प्रौढ माणसें दमेकरी आढळलीं, आणि त्यांच्या ब्लँकेटांत या जिवांची दाट वस्ती सांपडली. तेथें आघात मुलांपेक्षां प्रौढांवर अधिक झाला, हें आम्ही लपवीत नाहीं. पण पांघरुणाबरोबर रोग घरांत कसा येतो याचें इतकें उघडें उदाहरण दुसरें मिळणें कठीण. मुलांविषयींचें उदाहरण इंग्लंडांतील पूल या गांवचें आहे. तेथें ६७ मुलांचा तान्हेपणापासून अकराव्या वर्षापर्यंत मागोवा घेण्यांत आला आणि त्याचा वृत्तांत १९९० मध्यें प्रसिद्ध झाला. अकराव्या वर्षीं ज्यांस दमा होता, त्यांपैकीं एक सोडून बाकीचीं सर्व मुलें पहिल्या वर्षीं अशा घरांत राहत होतीं कीं जेथील धुळींत हें प्रथिन विपुल होतें. एवढ्यावरून गादी हेंच दम्याचें एकमेव मूळ असें म्हणणें उतावीळपणाचें होईल. आईबापांकडून आलेली प्रकृति, सर्दीचे विषाणू, विडी-सिगारेटचा आणि डांसांच्या अगरबत्तीचा धूर, यांचाही वाटा आहेच. पण ज्या आरोपीविरुद्ध इतका पुरावा आहे त्यास चौकशीवांचून सोडावें, आणि ज्याच्याविरुद्ध कांहींच नाहीं त्या दह्याच्या वाटीस जन्मठेप द्यावी, हा कोठला न्याय?

परंपरेचा आधार घेऊन ताटावर पहारा ठेवणाऱ्यांस आम्ही परंपरेचाच दाखला देतों. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत श्वासरोगाचीं जीं कारणें सांगितलीं आहेत, त्यांत खाण्याचे पदार्थ आहेत, हें आम्हांस मान्य आहे. पण त्याच ठिकाणीं धूळ आणि धूर हींही कारणें स्पष्ट सांगितलीं आहेत. त्या यादींतून आमच्या घरांनीं दहीं तेवढें उचललें आणि धूळ जागच्या जागीं ठेवली; ही निवड शास्त्रानें केलेली नाहीं, सोयीनें केलेली आहे. पश्चिमेकडेही ही गोष्ट अगदींच अज्ञात नव्हती. १५५२ सालीं कार्डानो हा इटालियन वैद्य स्कॉटलंडांतील आर्चबिशप हॅमिल्टन याच्या दम्यावर उपचार करण्यासाठीं एडिंबरो येथें गेला. त्यानें इतर पथ्यांबरोबर पिसांचें अंथरूण सोडावयास लावलें, आणि रोग्यास उतार पडला. सूक्ष्मदर्शक यंत्र रूढ होण्यापूर्वींच्या त्या वैद्यास रोग्याच्या अंथरुणाकडे पाहण्याचें सुचलें. आमच्या पदवीधर घरांस तें आज सुचूं नये, हें नवल होय.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप आजीच्या नांवानें येतो. ‘आम्ही सगळे आजीच्या गोधडींतच वाढलों, आम्हांला कोठें दमा झाला?’ ज्यांस झाला तीं मुलें किरकिरीं, अशक्त अथवा बाळदम्याचीं म्हणून मागें पडलीं, आणि कित्येक तर हा प्रश्न विचारण्यास उरलींच नाहींत. ही गोष्ट क्षणभर बाजूस ठेवूं. आमचें उत्तर असें कीं, गोधडी तीच राहिली असेल, पण तिची दिनचर्या राहिली नाहीं. सकाळीं उठल्याबरोबर अंथरुणाची वळकटी होई आणि खोली मोकळी पडे. गादी उन्हांत टाकली जाई. पिंजारी दारांत येऊन गादीचा कापूस उसवून पिंजून देई. आणि घट बसण्यापूर्वीं घरांतल्या सर्व गोधड्या, वाकळा, चादरी नदीवर नेऊन धुण्याची चाल तर महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून आजही दिसते. पावसाळ्याचा ओलावा पिऊन अंथरुणांतील ही वस्ती जेव्हां बळावलेली असते, नेमकी तेव्हांच ही धुलाई होई. ज्यांनीं ही चाल घातली त्यांस लायडनच्या संशोधनाची वार्ता नव्हती. पण त्यांचीं अंथरुणें ऊन पाहत होतीं. आमची गादी दिवाणावर कायमची निजली आहे. तिच्याखालच्या पेटींत जुनीं ब्लँकेटें डांबराच्या गोळ्यांसह कोंबलेलीं आहेत. खिडकीस जाड पडदे आहेत, पायांखालीं गालिचा आहे, आणि मुलाच्या उशाशीं केसाळ अस्वलें आणि ससे दाटीवाटीनें बसले आहेत. आजीची गोधडी तेवढी आम्हीं वारशानें घेतली, आणि आजीचे कष्ट मात्र माळ्यावर टाकले.

दुसरा आक्षेप हवापालटवाल्यांचा. मुलास चार दिवस थंड हवेच्या ठिकाणीं न्यावें, म्हणजे सर्व ठीक होईल, अशी त्यांची समजूत असते. स्वित्झर्लंडांतील दावोस येथें दमेकरी मुलांस गुण येतो ही गोष्ट खरी आहे. पण ती केवळ उंचीची किमया नव्हे. तेथील हवा इतकी कोरडी असते कीं अंथरुणांत हे जीव तगूं शकत नाहींत. आमचें महाबळेश्वर उंच आहे, पण पावसाळ्यांत तेथें जो ओलावा असतो तो सर्वांस ठाऊक आहे. आणि तेथील खानावळीच्या खोलींत मिळणारें ब्लँकेट कितव्या पाहुण्यानें पांघरलेलें असतें, हें विचारण्याची हिंमत किती पालकांनीं केली आहे? सहलीस अवश्य जावें. परंतु सहलीस औषध म्हणूं नये.

तिसरा प्रतिपक्षी आक्षेप घेत नाहीं, तो माल विकतो. दम्याचें नांव काढलें कीं माइट न शिरूं देणारीं आवरणें, हवा शुद्ध करणारीं यंत्रें आणि जादूचे फवारे यांच्या जाहिराती पुढें येतात. येथें आम्ही जेवढे गादीच्या विरुद्ध आहों, तेवढेच या भाबडेपणाच्याही विरुद्ध आहों. इंग्लंडांत १,१०० हून अधिक प्रौढ दमेकऱ्यांवर केलेल्या आणि २००३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, गादी-उशीस नुसतीं अशीं आवरणें घालून कांहीं लाभ दिसला नाहीं. परंतु २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या इंग्रजी प्रयोगांत २८४ मुलें होतीं. या जिवांचें वावडें चांचणीनें सिद्ध झालेलीं आणि पूर्वीं दम्यामुळें रुग्णालयांत न्यावीं लागलेलीं. ज्यांच्या अंथरुणास खरीं आवरणें घातलीं त्यांपैकीं वर्षभरांत सुमारें २९ टक्के मुलांस दम्याच्या झटक्यानें पुन्हां रुग्णालयांत धांवावें लागलें. ज्यांचीं आवरणें नांवापुरतीं होतीं त्यांपैकीं सुमारें ४२ टक्के मुलांस. २००४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेच्या सात शहरांतील ९३७ मुलांवरच्या प्रयोगांत, ज्या ज्या वस्तूचें वावडें सिद्ध झालें ती ती वस्तु घरांतून हटविण्याचा सर्वांगीण यत्न केला, तेव्हां दमा लागण्याचे दिवस कमी झाले. तात्पर्य हें कीं, प्रथम डॉक्टरांकडून त्वचेची अथवा रक्ताची चांचणी करून वावडें कशाचें तें ठरवावें. आणि ठरल्यावर सगळ्या खोलीचा विचार करावा. चांचणीवांचून केलेला खर्च हा दह्याच्या बंदीचाच श्रीमंत भाऊ आहे.

आणि येथेंच आम्हांस या पहाऱ्याचें सर्वांत क्रूर अंग दाखवावयाचें आहे. जें घर अंथरुणास अभय देतें, तेंच घर औषधाच्या पंपास भितें. ‘पंपाची संवय लागते’, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’, ‘मुलीला पंप आहे हें कळलें तर पुढें लग्न जमायचें कसें’ हीं वाक्यें आम्ही सुशिक्षितांच्याच तोंडून ऐकतों. हैदराबादेंत मृग नक्षत्राच्या मुहूर्तावर जिवंत मासळीच्या तोंडून औषध गिळण्यास रांग लावणाऱ्यांत आमचेही लोक असतात. पण श्वासनलिकेची सूज उतरविणारें जें औषध ब्रिटनमध्यें १९७२ पासून पंपांतून दिलें जात आहे, तें देण्यास त्यांचा हात कांपतो. त्या पंपांतील स्टेरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्यें मोजतात आणि ती बहुतांशीं जेथें हवी तेथेंच पडते. गोळीची मात्रा मिलिग्रॅममध्यें, म्हणजे हजारपट मोठ्या मापानें मोजतात, आणि ती सर्व शरीरांत फिरते. पंपास भिऊन नित्याचा उपचार टाळावयाचा आणि झटका आला म्हणजे गोळ्या व सलाइन यांच्या आहारीं जावयाचें, यास सावधगिरी म्हणतां येत नाहीं. जगांतील एकंदर दमेकऱ्यांपैकीं सुमारें १३ टक्के भारतांत आहेत. परंतु दम्यानें होणाऱ्या मृत्यूंपैकीं ४० टक्क्यांहून अधिक भारतांत घडतात, असा २०१९ सालचा जागतिक अंदाज आहे. या दोन आंकड्यांमधील अंतर हवेनें पडलेलें नाहीं. तें उपचारांच्या अभावानें पडलें आहे, आणि त्या अभावांत दारिद्र्याबरोबर लाजेचाही हिस्सा आहे. दारिद्र्याची सबब ज्यांस नाहीं, त्यांनीं निदान लाज तरी टाकावी. आमच्या लेखाचा कोणीं असा अर्थ घेऊं नये कीं चादरी धुतल्या म्हणजे पंप बंद करावा. पंप डॉक्टर सांगतील तसाच चालला पाहिजे. अंथरुणाची शुद्धि ही त्याची सोबतीण आहे, सवत नव्हे.

तर मग करावयाचें काय? उत्तर साधें आहे, आणि साधें असल्यामुळेंच कष्टाचें आहे. चादरी आणि अभ्रे आठवड्यांतून एकदां ५५ ते ६० अंशांच्या कढत पाण्यांत धुवावे. थंड पाण्यानें लेंड्या पुष्कळशा निघून जातात, पण जीव वांचतात. जें पांघरूण धुतां येत नाहीं तें दमेकरी मुलास देऊं नये. धुण्यास सोपी अशी सोलापुरी सुती चादर मखमली रजईपेक्षां त्यास शतपटीनें हितकर आहे. गादी-उशीस घट्ट विणीचें आवरण शिवावें. विणीचें महत्त्व किती, तें न्यू झीलंडमधील एका तपासणींत दिसलें आहे: १९९६ मध्यें तेथें कृत्रिम तंतूंच्या उशांत पिसांच्या उशांपेक्षां हें प्रथिन अधिक आढळलें, आणि त्याचें एक संभाव्य कारण म्हणजे पिसें बाहेर येऊं नयेत म्हणून त्या उशांचें कापड दाट विणलेलें असतें. गादी कडक उन्हांत टाकावी. १९९४ मध्यें ऑस्ट्रेलियांत गालिचे उन्हांत टाकून पाहिले तेव्हां त्यांतील जीव मेले. पण मेलेल्यांच्या लेंड्या मागें राहतात, म्हणून उन्हानंतर झटकणें आलेंच, आणि झटकतांना मूल जवळ नसावें. केसाळ खेळणें एखादेंच ठेवावें. तें रात्रभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यांत ठेवून मग धुवावें. मुलाच्या खोलींतून गालिचा काढावा, आणि कोरड्या केरसुणीऐवजीं ओल्या फडक्यानें जमीन पुसावी.

परंतु ही यादी छापतांनाच आम्हांस एक भीति वाटते. ती ही कीं, आजवर ‘काय खायला दिलेंस?’ म्हणून ज्या आईस धारेवर धरलें, तिलाच उद्यां ‘चादर कां धुतली नाहींस?’ म्हणून धरण्यांत येईल, आणि आमचा लेख त्या कामीं पुरावा म्हणून पुढें होईल. असें होणार असेल तर हा लेख फाडून टाकलेला बरा. भिजलेलें ब्लँकेट पिळणें, गादी जिना चढवून गच्चीवर नेणें आणि संध्याकाळीं परत आणणें हें एकट्या बाईचें काम नाहीं; तें घरांतल्या धडधाकट पुरुषांचें काम आहे. जे गृहस्थ मुलाच्या ताटांतील दह्याची वाटी उचलण्यास इतके तत्पर असतात, त्यांनीं रविवारीं सकाळीं वर्तमानपत्र खालीं ठेवून गादीचें एक टोंक उचलावें. ज्यांच्याकडे गच्ची नाहीं, त्यांनीं आपल्या चाळीच्या वा सोसायटीच्या सभेंत ती मागावी. मोटारी उभ्या करण्यास जेथें जागा निघते तेथें अंथरुणें वाळविण्यासही निघेल.

आमचें मागणें फार मोठें नाहीं. घट बसण्यापूर्वीं अंथरुणें धुण्याची जी चाल शहरी घरांनीं सोडून दिली, ती येत्या नवरात्रापूर्वीं पुन्हां सुरू करावी आणि त्या कामीं घरांतल्या प्रत्येक धडधाकट माणसाचा हात लागावा. पुढें वर्षभर दर आठवड्यास चादर बदलावी. पंप औषधांच्या डब्याच्या तळाशीं लपवून न ठेवतां चष्म्याप्रमाणें उघड्यावर ठेवावा. आणि ज्या पदार्थाचें वावडें डॉक्टरांनीं चांचणी करून सांगितलेलें नाहीं, तो पदार्थ त्या पोरास चार मुलांच्या पंक्तीला बसून सुखानें खाऊं द्यावा.